पाठ क्रमांक सतरा

सोहारच्या कॉलेजात संध्याकाळी साडेपाचला
जिमखान्याचा एसी आधी खोकतो, मग चालू होतो.
बाहेर मे महिन्याचे त्रेचाळीस अंश.
मैदान कुणाचंच नाही,
गोलपोस्टच्या जाळीत अडकलेली पिशवी सोडली तर.

मी सेहेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी,
डाव्या गुडघ्याला निळा पट्टा,
हातात पाठ टाचण, आखलेले चार रकाने:
वेळ, उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन.
खेळ: खो-खो. मिनिटं अठरा.

डॉ. हुयाम खार्टूमच्या. चष्मा कायम कपाळावर.
म्हणाल्या होत्या, उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे.
'आनंद घेतील' खोडा. 'समजून घेतील' खोडा.
क्रियापद असं हवं की डोळ्यांना दिसेल.
खोडलं. रात्री भांडी आवरून
ओट्याशी उभी राहून पुन्हा खोडलं.
उरलं: 'विद्यार्थिनी उठेल.'

बाविसाव्या वर्षी जळगावात एम.पी.एड.चा फॉर्म भरला होता,
फोटोसुद्धा चिकटवला होता.
मग यांना इथल्या बंदरात नोकरी लागली.
शिक्षणाला खो बसला गं तुझ्या, आई म्हणाली,
शेंगा सोलता सोलता, सहज.
चोवीस वर्षं मग शाळेत शिट्टी वाजवली.
सावधान. विश्राम.
चुकलं की, जैसे थे.

खांब नव्हते. पाण्याचे दोन निळे जार ठेवले.
बास्केटबॉलच्या मधल्या रेषेवर आठजणी बसवल्या,
एकीचं तोंड भिंतीकडे, एकीचं खिडकीकडे.
सगळ्या शिक्षिका, सगळ्यांच्या अभ्यासक्रमात
हँडबॉल, अॅथलेटिक्स, आरोग्य.
त्रिशूरची जिन्सी पळणार, तिला पळायला फार आवडतं.
मी पाठलागावर.

रैया हसली: खो?
आमच्याकडे 'खूय' म्हणजे भाऊ.
म्हटलं, आमच्याकडे खो म्हणजे अडथळा.
आणि या खेळात?
या खेळात, ऊठ, आता तू.
ती म्हणाली, तुमची भाषा एकदा ठरवा बाई.

झुवैना मात्र हसली नाही.
तिची शाळा डोंगरात, वादीच्या वरच्या अंगाला,
साठ मुली आणि खेळायला एक व्हरांडा.
तिनं हात वर करून विचारलं,
माझं तोंड तिकडे, तुम्ही येणार मागून,
मला कळणार कसं?

टाचणात हे नव्हतं.
संभाव्य प्रश्न मी सहा लिहिले होते,
लाल शाईत उत्तरं.
म्हटलं, कळणार नाही.
उकिडवं बसायचं, टाच उचललेली ठेवायची.

तिसऱ्या फेरीत गुडघ्यानं मला सोडलं.
जिन्सी जारला वळसा घालून पलीकडे,
आणि मी लंगडत, धापा टाकत,
समोर झुवैनाची पाठ, काळ्या कापडाखाली ताठ.
हात टेकला. शब्द नीट फुटलासुद्धा नाही.
ती गेली.
बाकीच्यांनी काय आरडाओरडा केला ते अरबीत होतं.
मी तिच्या जागेवर बसले,
खिडकीकडे तोंड करून,
फरशी अजून कोमट.

वीसपैकी चौदा.
शेरा: उद्दिष्ट साध्य, पुरावा अपुरा.
वेळेचं नियोजन ढिसाळ, तीन मिनिटं जास्त.
आणि खाली पेन्सिलीनं, बहुधा नंतर सुचलेलं:
व्हरांड्यात आठजणी बसतील का?
त्याला गुण नव्हते.

पार्किंगमध्ये मी किल्ली शोधत होते,
पर्समध्ये शिट्टी, टेप, गोळ्या, शिट्टी.
झुवैनाला सत्तर किलोमीटर जायचं होतं.
मागून पाठीवर हात पडला.
खो, ती म्हणाली, ख जरा घशातून,
आणि निघूनही गेली.

मी तर उभीच होते.